सॅम्याचं ताट

४ नोव्हें., मंगळ. सीब, मस्कत
गावच्या शाळेला शंभर वर्षं. स्मरणिकेसाठी सॅम्यावर लेख हवाय, २० तारखेपर्यंत. मुख्याध्यापकांचा फोन: ‘‘एका बाकावर बसायचात ना, मग तुम्हीच लिहा.’’
शनवार तेल्यांच्या, म्हणजे गावच्या ज्यूंच्या, आळीतला सॅम्युएल. पाचवीत असताना आईबापांबरोबर इस्रायलला गेला. शिपाई म्हणून भरती, जनरल म्हणून निवृत्त. मग राजकारण. पहिल्या निवडणुकीत सडकून आपटला, पुढच्या खेपेला खासदार, आता दुसऱ्यांदा महापौर. आमच्या शाळेतून एवढं वर कुणी गेलेलं नाही. मी मस्कतच्या पेपरात तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या.

७ नोव्हें., शुक्र.
लेखासाठी सॅम्याला निरोप टाकला होता, उत्तर आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज, अकरा मिनिटं. मराठी पाचवीतली, तेवढीच राहिलीय.
‘‘इक्बाल, आमचा ताट कंय हाय रे? तुज्या मायनी परत नाय दिलान!’’
निघण्याआधी त्याच्या आईनं नवसाचा मलिदा केला होता. पोहे, गूळ, ओलं खोबरं. पितळी ताट भरून आमच्याकडे आलं. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून अम्मी ईदपर्यंत थांबली. तोवर ते गेले. ताट इथं मस्कतला माझ्याकडेच आहे, बायको, जुबेदा, त्यात लसूण वाळत घालते. हे त्याला कळवलं नाही.

८ नोव्हें.
आज आणखी आवाज. ‘‘म्हापौर म्हंजे काय? गटार तुंबला की लोक फोन करतात. जनरलला कोन फोन करत नवता.’’ स्वतःच हसला.
मग सैन्याबद्दल. ‘‘लढून परत आलो की पोरां मोजायचो. एक, दोन, तीन. मराठीतच. अजून हिब्रूत मोजनी जमत नाय.’’
तीनदा ऐकलं. बाईंनी छडी घेऊन शिकवलेले आकडे कुठवर गेले! लेखाची सुरुवात हीच.

१४ नोव्हें., शुक्र.
लेक सना जेवायला आली होती. अल् घुब्राच्या शाळेत शिकवते, मराठी वाचायचा कंटाळा. म्हणून मसुदा मीच वाचून दाखवला. मागे टीव्हीवर गाझा.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘‘अब्बा, इट्स ब्युटिफुल. पण अंकलनी आपली माणसं मोजली. समोरची कुणी मोजली?’’
जुबेदा म्हणाली, ‘‘जेवू दे गं त्यांना.’’
जेवण गेलं नाही. पेपरात हाताखालच्या पोरानं हा प्रश्न सोडला असता तर बातमीची कॉपी मी परत टाकली असती.

१५ नोव्हें.
सॅम्याला विचारलं. सनाच्याच शब्दांत. निळ्या खुणा लगेच उमटल्या.

१८ नोव्हें.
उत्तराऐवजी सॅम्याच्या कार्यालयाचं पत्र आलं: लेख छापण्याआधी महापौरांना पाहायचा आहे.
मंत्री असो की पेपरचा मालक, खुद्द अर्बाब, छापण्याआधी कॉपी कुणाला दाखवली नाही. नम्रपणे नाही कळवलं.

२० नोव्हें.
लेख गेला. अभिमानाची एक ओळ काढली नाही. का काढावी? खराच आहे. शेवटी तो प्रश्न, आणि खाली: ‘उत्तर आलेलं नाही.’ खलास.
जुबेदा: ‘‘गेला तुमचा दोस्त.’’

२८ नोव्हें., शुक्र.
सॅम्याचा आवाज. जेमतेम पाच सेकंद. ‘‘जानेवारीत येतंव शालंत. ताट घेऊन ये.’’
प्रश्नाबद्दल काही नाही. लेख त्यानं वाचलेला नाही. शताब्दीचा सोहळा जानेवारीत, स्मरणिका त्याच दिवशी निघणार.
चिंच लावून ताट घासलं. लसणाचा वास जाता जात नाही. जुबेदा म्हणाली, ‘‘रिकामं नेऊ नका हं. सूकच्या बाजारातून चांगला हलवा आणते.’’
म्हटलं, आण. शेजारी स्मरणिका ठेवीन. त्याचं पान उघडून.