दोन ग्रॅमचे वजन

बौशर, मस्कत
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय सौ. ललिता हिस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

नेहमीप्रमाणे पत्राचा फोटो अनुपच्या मोबाइलवर पाठवतो आहे. त्याने वाचून दाखवू नये. तू स्वतः अक्षर मोठे करून वाचावेस.

शुक्रवारी, हक्काच्या सुटीच्या दिवशी, हा माणूस दूर किनाऱ्यावरच्या खाबुऱ्यापर्यंत गाडी हाकत का जातो, असे तू परवा फोनवर विचारलेस. त्याचे उत्तर फोनवर मावणारे नाही. तिथे, खजुराच्या बागांच्या मागे, एका अर्बाबाचा, म्हणजे इकडच्या भाषेत मालकाचा, परवाना असलेला नेमबाजीचा क्लब आहे. नेम मारून झाला की काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाहीत. ती साफ करून, ठिणगी देणारी नवी टोपी, मोजून घेतलेले बारूद आणि नवी गोळी बसवून पुन्हा भरतात. सारी मौज त्या मोजण्यात आहे. आपल्याकडे खसखस असते ना, तसे ते दाणे काट्याच्या वाटीत पडतात. दाराबाहेर समुद्राचे पांढरे धुके, आत कुणी मोठ्याने श्वासही घेत नाही. तासन्‌तास असे गेले की आपण खोलीत बसलो आहोत की पाण्याखाली, हेच उमजत नाही.

पण अवजारे! हाताची प्रेस अर्ध्यावर अडते. पुंगळीला तेल कमी झाले तर अडकते आणि जास्त झाले तर पुंगळीला पोचा पडतो. बारूद सोडणारी नळी हवा कोरडी असली की दाणे अंगाला चिकटवून धरते. काट्याचे तर विचारूच नकोस. आकडा आपोआप हलत असे. दोन शुक्रवार निरीक्षण केल्यावर कारण सापडले: एसीची झुळूक. मी पुठ्ठ्याचा आडोसा केला. काट्यासोबत आलेले वजन कुणीतरी हरवले होते आणि वजने तपासणे हे तर माझे रोजचे काम, म्हणून सप्टेंबरात माझे स्वतःचे दोन ग्रॅमचे पितळी वजन ठेवून काटा जुळवला आणि तसे लेखी, सहीनिशी दिले.

आता वाईट बातमी. तेव्हापासून दूरच्या फळीवर अर्बाबाच्या गोळ्या चार बोटे खाली लागतात. सगळ्या एकाच जागी, रुपयाएवढ्या वर्तुळात, पण खाली. स्पर्धा हातची गेली. मी एकेक अवजार तपासून बाद केले. उरला तो भरणारा माणूस, म्हणजे बदरुद्दीन, आपल्या दापोलीकडचा, बारा वर्षे तिथे आहे. मला विचारले तेव्हा अवजारांत दोष नाही, एवढेच मी सांगितले. अर्बाबाने त्यावरून सर्वांदेखत त्याला सांगून टाकले की महिनाअखेर खलास, व्हिसा रद्द. काल त्याने माझ्याशी बोलणे टाकले. मला वाईट वाटते, पण मापापुढे माझा इलाज नाही.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढल्यास हरकत नाही.
तुझा,
भीमराव


अकोला
मंगळवार, ११ नोव्हेंबर

आदरणीय साहेबांस,
सविनय जय भीम.

पत्र तीनदा वाचले. पहिल्यांदा तुमच्या धुक्यासाठी, मग दोनदा त्या बदरुद्दीनसाठी. त्याच्या बायकोचे नाव कुलसुम ना? मागे फोटोत होती, मुलीला डॉक्टरीला घातले म्हणून पेढे वाटताना.

मला बारूद कळत नाही, भाकरी कळते. सुगंधा आपल्याकडे नवी कामाला आली तेव्हा तिची एक भाकरी जाड व्हायची, एक पातळ. त्याला म्हणतात हात बसलेला नसणे. पण मधे आठ दिवस सगळ्याच भाकऱ्या सारख्या लहान होऊ लागल्या. मी तिला रागावले. ती म्हणाली की बाई, मला कशाला बोलता, डब्यातलं मापटं बदललंय ते बघा. खरेच, अनुपने मोठे मापटे नेऊन त्यात खिळे ठेवले होते. तुमच्या अर्बाबाच्या गोळ्या जर रुपयाएवढ्या जागेत पडतात, तर त्या माणसाच्या हातासारखा हात नाही हो! खोट असलीच तर मापट्यात असेल. एवढे शिकून एका माणसाचे अन्न काढायला निघालात आणि वर लिहिता की इलाज नाही. अर्बाबाने विचारले ते तुम्हालाच ना? इलाज असलेल्यालाच विचारतात.

असो. गेल्या बुधवारी पौर्णिमेला वंदना झाली, खीर केली. बुद्धमूर्तीपुढचे ताट घासताना तुमच्या वजनाची आठवण आली. अकरा वर्षे ते मूर्तीपुढेच होते, दर पौर्णिमेला ताटाबरोबर तेही चिंच आणि चाळलेल्या राखेने घासत आले. ऑगस्टात तुमच्या हाती दिले तेव्हा सोन्यासारखे होते. तिकडच्या खाऱ्या हवेत काळे पडले असेल. तुम्ही काही घासणार नाही.

गुडघा बरा आहे. जेवण वेळेवर करावे, राग मानू नये. मानलाच तर पत्राने कळवावा.
तुमची,
ललिता


बौशर
गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिय ललिता,
सप्रेम जय भीम.

तुझे पत्र दुपारी कार्यालयात वाचले. ताट घासण्याचा परिच्छेद आला आणि मी जागेवरून उठलो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या काट्यावर ते वजन ठेवले. दोन ग्रॅमला एकोणीस मिलिग्रॅम कमी. पाच वेळा ठेवले, पाचही वेळा तेच.

समजावून सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हलके झालेले वजन ठेवून मी काट्याला सांगितले की हेच दोन ग्रॅम. काट्याने विश्वास ठेवला. मग बदरुद्दीनने जेवढे म्हणून मोजले, त्यात शंभरामागे जवळजवळ एक भाग बारूद कमीच आले. प्रत्येक वेळी तेवढेच. म्हणून गोळ्या एकत्र आणि म्हणूनच खाली. विखुरलेला नेम हाताचा दोष दाखवतो, सरकलेला नेम मापाचा, हा धडा मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. या वेळी तो मला सुगंधाने शिकवला.

तू घासलेस यात तुझा काही दोष नाही, हे आधी लिहायला हवे होते. वजन दरवर्षी तपासून घ्यावे, असा नियम आहे. सबंध मस्कतची वजने मी तपासून घ्यायला लावतो. माझ्या पहिल्या साहेबांनी दिलेले हे एक मात्र मी कधी कुणापुढे ठेवले नाही. त्याचा दाखला अकरा वर्षांपूर्वीचा आहे. माझ्या वस्तूला कोण तपासणार, असे मला वाटत असावे.

उद्या खाबुऱ्याला जातो आहे. अर्बाबापुढे काय बोलायचे ते लिहून काढले आणि फाडून टाकले.

कळावे. लोभ या घडीला फार हवा आहे.
तुझा,
भीमराव


अकोला
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी

आदरणीय,
जय भीम.

एकोणीस मिलिग्रॅम म्हणजे किती, ते अनुपला विचारले. तो म्हणाला की आई, तांदळाचा एक दाणा. तेवढे मी अकरा वर्षांत घासून नेले! हसू आले आणि मग रडू आले. मी प्रेमाने घासत होते हो.

माझे नाव खुशाल सांगा, पण माझ्या पदराआड उभे राहू नका. सही तुमची आहे. आणि एकट्या अर्बाबाच्या कानात सांगू नका. ज्यांच्यासमोर त्याला खलास म्हटले, त्यांच्यासमोर सांगा.

वाट पाहते आहे.
ललिता


बौशर
शनिवार, २९ नोव्हेंबर

प्रिय ललिता,
सप्रेम जय भीम.

तीन शुक्रवार झाले, म्हणून आता लिहितो.

पहिल्या शुक्रवारी सगळे नेमबाज चटईवर कहवा घेत बसले होते. मी उभ्यानेच सांगितले की वजन माझे, सही माझी आणि चूकही माझी. या माणसाचा हात क्लबातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा स्थिर आहे. अर्बाबाने बदरुद्दीनला काढण्याचा कागद रद्द केला आणि मला शांतपणे सांगितले की तुमची सही यापुढे इथे चालणार नाही, पाहुणे म्हणून मात्र या. तुझे नाव मी घेतले नाही; काट्याचा दाखला अकोल्याहून कुणी दिला नव्हता.

त्या मापाने भरलेली चारशे काडतुसे उरली होती. ती उकलण्याचे काम मी मागून घेतले. त्यासाठी एक पोकळ डोक्याचा हातोडा असतो. काडतूस त्यात उलटे अडकवून ओंडक्यावर आपटायचे, म्हणजे गोळी निसटते आणि बारूद डोक्यात साठते. तिसऱ्या ठोक्याला सुटले तर नशीब, नाहीतर दहाव्यालाही नाही. याहून चिडका हातोडा मी पाहिलेला नाही. दोन शुक्रवार मी धुक्यात ठोकत बसलो. बदरुद्दीन शेजारी काट्यावर, प्रयोगशाळेतून तपासून आणलेल्या नव्या वजनाने मोजत होता. एक शब्द नाही.

काल एकशे नव्वदावे सुटेना. तो उठला, हातोडा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला की मनगट ढिलं सोडा साहेब, असं आवळून धरलं तर खांदा जाईल तुमचा नि काडतूस हसत बसेल. एका ठोक्यात सोडवून त्याने हातोडा परत दिला. मग पुन्हा बसताना, माझ्याकडे न बघता, विचारले की चूक सापडली कशी. मी भाकरीची गोष्ट सांगितली. त्याने वाटीतले बारूद पुंगळीत ओतले. म्हणाला की कुलसुमला आजच सांगतो, आणि वहिनींना माझा सलाम कळवा.

तो कळवला. मला त्याने अजून केलेला नाही. दोनशे दहा काडतुसे शिल्लक आहेत.

कळावे. लोभ असावा, मी तो तपासून घेत राहीन.
तुझा,
भीमराव