आमच्या एसीची परीक्षा धानानं घेतली

बालाघाट, बुधवार

श्रीमान राजेंद्रभाऊ यांना जवाई खेमराजचा वाकून रामराम.

तुमची तब्येत, राइस मिलची तब्येत अन् तुमच्या बहिणीचा राग, तिन्हीची खबर कळवा. पहिल्या दोन बऱ्या असतीलच, तिसरा उतरला काय? फोनच केला असता, पण तो संध्या उचलते अन् माझा आवाज ऐकला की ठेवून देते. (आवाज माझा एवढा वाईट नाही.)

झालं असं, की आमचा एसी भर दुपारी तिच्या कपाळावर टपटप गळाले लागला. ती म्हणे, पलंग सरकवा. मी म्हटलं, बिमारी मशीनले, मग सजा पलंगाले काहून? चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी थैली भरून ती वारासिवनीले तुमच्याकडे निघाली. जाताना म्हणे, गळणं बंद झालं असं भाऊ सांगतील तवाच येईन, तुमच्या बोलण्यावर माहा भरवसा नाही. म्हणजे भाऊ, तुमच्या एका शब्दावर माहा संसार अटकून हाय.

दुसऱ्याच दिवशी प्रेमलाल मेकॅनिकले बोलावलं. त्यानं पाण्याच्या पाइपात तोंडानं फुंक मारली, आतला चिखल शेजारच्या शांताबाईच्या वाळत्या पापडांवर उडाला (तिची समजूत काढण्यात पाऊण तास वेगळा गेला), मग पाइपाले उतार दिला, ट्रेमध्ये लोटाभर पाणी ओतलं, ते सरळ बाहेर पडलं. "अंकल, फुल गारंटी!" म्हणून तो गेला. पण गारंटी तं लग्नात तुमच्या बाबूजींनीही दिलती, की पोरगी लई शांत हाय!

आता खात्री कशी करावी? तवा मले तुमची आठवण आली. मिलवर धान आलं की तुम्ही दाणा दाताखाली धरता अन् ओल सांगता: कोरडा कट्ट वाजते, ओला नुसता दबते. मी एसीखाली, बरोबर तिच्या उशीच्या जागी, परातीत पसाभर धान ठेवलं. पहिल्या दिवशी चावलं, कट्ट! दुसऱ्या दिवशी, कट्ट! तिसऱ्या दिवशी असा कट्ट झाला की शांताबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, काय फुटलं वो? माही दाढ, भाऊ! पण दाणा खडखडीत कोरडा! गाल धरून घरभर नाचलो मी. तवा दुरुस्ती पक्की हाय, असं तिले बिनधास्त सांगा.

तुमचा आज्ञाधारक (अन् एक दाढ कमी),
खेमराज

ता. क. संध्याले वाचून दाखवाल तं सहीपर्यंतच वाचा. ते तीन दिवस एसी बंद होता. चालू केला अन् गळला तं, ह्या भीतीनं बटनावर हातच जाईना.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी हिंमत करून चालू केला. तासाभरात तीन थेंब. प्रेमलाल उद्या पुन्हा येतो म्हणे. पण तिच्याबिगर घर लई सुनं लागते भाऊ, म्हणून मी पलंग सरकवला. दोन मिनिटं लागली. हे तिले सांगू नका.

नाही, सांगाच. पण तिले पोचवाले याल तवा, बस वारासिवनीहून सुटल्यावर सांगा.