पडद्यावरच्या मुंग्या

मंगरूळपीर, डिसेंबर १९७६

तीर्थरूप घेवरचंद काकाजींच्या चरणी पुतण्या जवरीलालचा नमस्कार, आणि घरातल्या सगळ्यांना जय जिनेंद्र.

आपल्या गुडघ्यांची खबर आधी द्यावी. जतनकाकीजींना कलकत्त्याची थंडी बाधत नसेल असे धरून चालतो (पानाबाईने मेथीचे लाडू वळून ठेवले आहेत, तिकडे जाणारे कोणी भेटले की पाठवते). इकडे सगळे खुशाल आहेत.

आपण विचारले आहे की आपल्या देणगीतून आलेले एक्स-रेचे यंत्र बघायला दवाखान्याच्या ओसरीत किती लोक जमतात. उत्तर लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसावे. मुंबईच्या एका इस्पितळाने वापरून विकलेले हे यंत्र शरीराच्या आतले चालते चित्र टीव्हीवर दाखवते. यंत्र आतल्या खोलीत, आणि टीव्ही आपल्या इच्छेप्रमाणे ओसरीत, आजोबांच्या तसबिरीखाली, म्हणजे दान कशाचे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे. त्यासाठी दोन खोल्या ओलांडून लांबलचक वायर ओढली. मंगरूळपिरात टीव्ही कोणी पाहिलेला नव्हता, लोक सिनेमा समजून मांडी घालून बसले. पडद्यावर दिसल्या फक्त मुंग्या. काळ्या, पांढऱ्या, सारख्या वळवळणाऱ्या. (लोक तरी खूश होते. एका म्हाताऱ्याने शेवट कसा होतो तेही विचारले.)

आम्हीही हसून सोडले असते, पण गोमतीबाई आली. गावाबाहेरच्या मळ्यातली भाजी घेऊन ती बाजारात बसते. गोधडी शिवताना सुई तिच्या तळहातात मोडून आत राहिली होती. डॉ. उदयसिंग (आपल्याच तालुक्यातल्या तांड्यावरचे, नागपूरला शिकून परत आले) यांनी आधी एक्स-रेचा साधा फोटो काढला. सुई स्वच्छ दिसली. तिथे कापले, तर सुई तिथे नाही. हात हलला की ती सरकते. "फोटो कालचा, सुई आजची," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चालते चित्र बघत बघतच काढायला हवी, आणि चित्रात मुंग्या. हात सुजत चालला होता. गोमतीबाई रडली नाही, एवढेच म्हणाली, "डाक्टरसाहेब, उजवा हात हाये. निंदनं याच्यानंच, तोलनं याच्यानंच."

शेजारी रंगरावची पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की मुंग्यांवर आडवे पट्टेही येत. मी हात जोडून त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "बंद करतो भाऊ, पन लोकायले काय सांगू? जवरीलाल मुंग्या मारून राह्यला म्हून दळन बंद?" आणि त्याने लोकांना अगदी तेच सांगितले. थोड्याच वेळात पानाबाई (पाणी दोनदा गाळल्याशिवाय चुलीवर न ठेवणारी आपली सून) दवाखान्याच्या दारात उभी. "आजेसासऱ्यांच्या नावाच्या दवाखान्यात जीव मारून राह्यले तुमी? कायले?" तिला टीव्ही दाखवला. तिने काच पदराने पुसून पाहिली, एकही मुंगी पदराला लागली नाही, तेव्हा कुठे ती घरी गेली. असो. गिरणी थांबल्यावर पट्टे गेले, मुंग्या राहिल्या. मग अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून नवी अर्थिंग केली. पडद्यावर वरखाली सरकणारी एक काळी पट्टी होती, ती गेली. मुंग्या राहिल्या.

डॉक्टरांनी वैतागून एक्स-रे बंद केला आणि ते स्टुलावर बसले. मी ओसरीत टीव्हीसमोर होतो. मी आत डोकावून विचारले, "यंत्र खरंच बंद केलं ना?"

"केलं. काहून?"

"मुंग्या चालूच आहेत."

डॉक्टर उठून बाहेर आले. म्हणजे त्या एक्स-रेच्या नव्हत्याच. टीव्हीमागची वायर उपटली, तर पुष्कळशा नाहीशा झाल्या. मग डॉक्टरांनी मला समजावले, ते मला कळले तसे लिहितो. आतला कॅमेरा पाठवतो ते चित्र फार क्षीण असते. एवढ्या लांब वायरीत ते आणखी दुबळे होते, आणि वायर वाटेतली खरखर गोळा करत येते. टीव्हीच्या पोटात त्याला मोठे करणारा एक डबा आहे. तो चित्र मोठे करतो, आणि सोबत वायरीतली नि स्वतःची खरखरही मोठी करतो. चित्र आधीच मेलेले, खरखर मात्र तगडी. उपाय एकच, वायर हातभर ठेवायची आणि डबा यंत्राला चिकटवायचा. (डबा टीव्हीच्या पोटात, म्हणजे टीव्हीही आत. आपण रागवाल हे ठाऊक होते, म्हणून आधी टीव्ही हलवला आणि मग पत्र लिहायला घेतले.)

मुंग्या सगळ्या गेल्या असे खोटे लिहीत नाही. विरळ झाल्या, आणि त्यांच्यामागे गोमतीबाईचा हात उभा राहिला. बोटांची हाडे, आणि त्यांच्या मुळाशी तिरपी सुई. डॉक्टर शिशाचा जड झगा घालून, पायाने बटण दाबत, बघत, थांबत चिमटा पुढे नेत होते. सुई एकदा निसटली. दुसऱ्यांदा निघाली. गोमतीबाईने ती डाव्या हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, "एवढुशी तं हाये." मग मात्र रडली. परवापासून ती पुन्हा बाजारात बसते, मूठ पूर्ण मिटते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की ओसरीत आता कोणीही जमत नाही.

आपला आज्ञाधारक,
जवरीलाल

ता. क. खरे तर पत्र लिहिले ते याच्यासाठी. नागपूरला अशी यंत्रे सांभाळायला शिकवणारा एक वर्ग निघाला आहे. डॉक्टर म्हणतात, यंत्र आहे तोवर त्याला माणूस लागेल. कापड मोजताना माझे लक्ष लागत नाही हे आपण जाणताच. धाकटा भाऊ रतनलाल दुकान बघेल. आपण हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र पेटीत टाकायचे राहून खिशातच आले, म्हणून नागपुरातून टाकतो आहे. वर्ग उत्तम चालला आहे. परवानगी शक्यतो मागची तारीख घालून द्यावी.