शून्याकडचं टोक

प्रिय धैर्यशील,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील. आई ठीक आहे, हे आधी सांगून टाकते. नव्वदीला टेकली आहे, इथे लखनौत, अलीगंजच्या घराच्या व्हरांड्यात बसून असते आणि भाजीवाल्याशी 'भैया, कल वाली तो बासी निकली' म्हणून रोज भांडते. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, पण तू आठवतोस. 'तो मिलिटरीवाल्यांचा मुलगा, पोह्यांवर लिंबू नको म्हणणारा, त्याचं लग्न झालं का गं?' मी सांगते, झालं, त्याच्या मुलीचंही झालं. ती म्हणते, 'बघ, आपल्याला कुणी कळवलंच नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एखाद दिवशी तिने विचारलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

खरी बातमी वेगळी आहे. कॉलेजात असताना मोजलेली आपली मछलीवाली कोठी पाडायचं घाटतंय. ज्या खात्याच्या ताब्यात ती आहे त्यांना तिथे कन्व्हेन्शन सेंटर हवंय, खाली मोटारी आणि वर हॉल. तुला आठवते तशी ती राहिलेलीही नाही म्हणा. मागच्या पावसाळ्यात वरचा मजला बसला, जिन्यासकट. ज्या गोल जिन्यावर तू दोनदा डोकं आपटून घेतलं होतंस तो आता विटांचा ढीग आहे. खालचा मजला आणि दरवाजावरची माशांची जोडी मात्र उभी आहे. एका माशाची शेपटी तेव्हाही तुटकीच होती. तू ड्रॉइंगमध्ये ती पुरी करून टाकलीस आणि सर केवढे कडाडले होते, 'जो है वो बनाओ, जो होना चाहिए वो नहीं!' तू मुकाट्याने खोडरबर उचललंस. पुढे जुन्या वास्तूंची नोंद ठेवायची सगळी नोकरी मी त्या एका वाक्यावर केली.

वास्तुकलेच्या वर्गात मराठी आपण दोघंच, म्हणून मोजमापाला जोडी आपली लागली. टेपचं शून्याकडचं टोक माझ्याकडे, वाचणं आणि लिहिणं तुझ्याकडे, कारण तुझं अक्षर छापल्यासारखं आणि माझं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. मी शून्य भिंतीला टेकवून उभी राहायची. तू पलीकडच्या खोलीतून, कधी वरच्या मजल्यावरून, दिसत नसताना ओरडायचास, 'धरलंस?' मी म्हणायची, 'धरलं!' तू 'सोड' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा नियम. एकदा तू आकडा लिहिता लिहिता जाळीतून गोमती नदी बघत बसलास आणि मला साफ विसरलास. हात भरून आला, डोळ्यांत चुना गेला, पण मी टोक सोडलं नाही. खाली आलो तेव्हा माझे केस पांढरेफटक झाले होते. तू म्हणालास, म्हातारी झालीस की अशी दिसशील. आता अगदी तशीच दिसते, फक्त 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं चिडवायला तू इथे नाहीस.

परीक्षा झाली, तुझ्या बाबांची बदली झाली आणि तुम्ही गेलात. कागद आपण वाटून घेतले. प्लॅन आणि दर्शनी बाजू माझ्याकडे, इमारत उभी कापून आतलं दाखवणारे छेद तुझ्याकडे. चारबाग स्टेशनवर तू ती गुंडाळी काखेत धरून खिडकीशी बसला होतास. मला आपलं वाटलं, अर्धे अर्धे वाटलेत म्हणजे कधीतरी जोडायला भेटावंच लागेल. तुला तसं वाटलं होतं का, हे विचारायचं वय आता गेलं.

बरोबर पाहायच्या ठरवलेल्या इमारती मग मी एकटीनेच पाहिल्या. मांडूला गेले. तिथलं सगळं पडकं, पण जे पडकं आहे ते खरं आहे, त्याला कुणी रंगरंगोटी करून तरुण केलेलं नाही, म्हणून जीव रमला. विजापूरला गोलघुमटाच्या सज्जात सहलीची पोरं आरोळ्या ठोकून दमली, तेव्हा मी भिंतीशी तोंड नेऊन हळूच 'धरलं' म्हटलं. घुमट तेवढंच पुन्हा पुन्हा परत देत राहिला. लोकांना त्याचं कौतुक वाटतं. मला रडू आलं, कारण इतक्या आवाजांत 'सोड' म्हणणारा एकही नव्हता.

आणि वॉर्सा पाहिलं. युद्धात शत्रूने ते जुनं शहर बेचिराख केलं होतं आणि लोकांनी ते पुन्हा उभं केलं, हे तुलाही ठाऊक आहे. पण त्या कामी जी कागदपत्रं उपयोगी पडली त्यांत युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी काढलेली मोजमापाची ड्रॉइंग्जही होती. विद्यार्थ्यांनी, धैर्यशील! आपल्यासारख्याच कुठल्या तरी धुळीने माखलेल्या जोड्यांनी. त्या चौकात उभी राहून मी वेड्यासारखी हसत होते. परत आल्यावर वर्षानुवर्षं प्रत्येक व्याख्यानात तेच सांगितलं, की मुलांनो, नीट मोजा, तुमची रेघ एखाद्या दिवशी शहर परत आणेल.

तेच आता गळ्याशी आलंय. त्या खात्याच्या हजरतगंजच्या ऑफिसात बैठक होती. मी आपले प्लॅन आणि दर्शनी बाजूचे कागद टेबलावर पसरले, कारण मला वाटलं, इतक्या मायेने मोजलेली वास्तू पाडायला कुणाचा हात धजावणार? असला गाढवपणा आपल्या धंद्यातली माणसंच करू शकतात. साहेब मोठे सभ्य, लखनौचेच. आधी चहा, मग गप्पा. माशांच्या खवल्यांवरून बोट फिरवता फिरवता त्यांचा चेहरा उजळला. 'अरे मैडम, ड्रॉइंग तो हैं ही! फिर दिक्कत क्या है? सेम टू सेम बना देंगे, बल्कि उससे बेहतर। वो वॉर्सा वाला क़िस्सा तो आप ही सुनाती हैं।' त्यांनी माझं व्याख्यान ऐकलं होतं. मी म्हटलं, साहेब, वहाँ दुश्मन ने गिराया था, यहाँ दुश्मन कौन है? ते हसले, बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, 'आप तो इमोशनल हो गईं।'

पाडायची परवानगी देणाऱ्या वारसा समितीची अट सरळ आहे. वास्तूची नोंद पूर्ण असेल तर पाडायला परवानगी, कारण मग हुबेहूब नवी बांधता येते. नोंद अपुरी असेल तर जे उभं आहे त्याला हात लावायचा नाही. खालचा मजला आज कुणीही मशीन लावून मोजेल. पण वरचा मजला आणि जिना उभा कसा होता, ते आता जगात फक्त तुझ्या छेदांत उरलंय. शीटच्या कोपऱ्यात आपली दोघांची नावं आहेत, तुझ्याच अक्षरात. 'ये धैर्यशील जी कहाँ मिलेंगे?' त्यांनी विचारलं. मी कागद गुंडाळायला लागले, तर शेजारच्या बाबूने मोबाईलवर तुझ्या ऑफिसचा नंबर काढूनही दिला.

काल कोठीवर जाऊन आले. लखौरी विटा तशाच आहेत, बिस्किटाएवढ्या पातळ, आणि उडदाची डाळ घोटून केलेला तो चुना अजून नखाला दाद देत नाही. मध्येच कुणीतरी सिमेंटचे बोळे कोंबलेत, तिथून भेगा पसरल्यात. दरवाजाच्या पायरीवर बसले आणि उठवेना. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की मी इमारती वाचवते. खोटं आहे ते. मी फक्त जाणाऱ्यांची मापं घेतली. या शहरात मी मोजलेलं किती उभं आहे, याचा हिशेब मी मांडत नाही. घरातल्या माझ्या खोलीत भिंतभर नकाशे आहेत, त्यातली बरीचशी घरं आता त्या कागदांपुरतीच आहेत. मी हरले रे. दमून नाही, समजून उमजून हरले. ही कोठीही राहायची नाही. कुणी दुरुस्तीला दमडी देणार नाही, आणखी काही पावसाळे काढेल आणि बसेल.

तरी लिहिते आहे ते एवढ्यासाठी. तुला त्यांचा फोन येईल. अदबीने बोलतील, आपल्या वारशाला 'धरोहर' म्हणतील, तुझ्या रेघांची स्तुती करतील. तू भिडस्त माणूस, कुणी मागितलं की देऊन मोकळा होतोस. ते छेद देऊ नकोस. वाळवीने खाल्ले म्हण, पुरात गेले म्हण, काहीही म्हण. जन्मभर 'नोंद ठेवा' म्हणून ओरडणारी बाई हे मागतेय, तेव्हा तिच्यावर काय वेळ आली असेल ते ओळख. उद्या कोठी बसली की मागे काही उरणार नाही, तुझा जिनाही नाही, हे मला कळतंय. पण बसायची तर आपल्या वजनाने बसू दे. आपल्या दोघांच्या सह्यांवर तिला पाडायला नको. मलाही पाठवू नकोस. माझ्याकडे आले की नोंद पूर्ण झालीच, आणि मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे ते कागद जोडायला आपण आता भेटायचं नाही. इतकी वर्षं तेवढं एक कारण मी जपून ठेवलं होतं, तेही आज माझ्याच हाताने संपवते आहे. मी इथे भिंतीशी उभी आहे. तिकडचं टोक तू धर. मी 'सोड' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा नियम आता तुला. आणि मी म्हणणार नाही.

तुझीच,
सुरुची