केशरी थर

९ ऑक्टोबर, गुरुवार
नवरा, देटलेफ, इस्पितळातून आला, बूट काढले आणि म्हणाला, "सोमवारपासून जाणार नाही. पुरे झाली किरणं." गळ्यातल्या गाठीवरची किरणं अजून दोन आठवडे बाकी आहेत. मान भाजल्यासारखी लाल. तिथलं घट्ट क्रीम लावू देत नाही – बोट टेकलं तरी ओरडतो. फेरीबोटीवर जन्मभर उघड्या गळ्याने वारा खाल्लेला माणूस!
"पाण्यासारखं गार काही असेल तर बघ," म्हणाला.
शेजारच्या इन्केनकडे गेले. ती घरी लोशनं घोटते. गेल्या वर्षी माझ्या सदरात मी अशाच बायकांची टर उडवली होती. ते कात्रण तिने फ्रिजवर लावलंय. "या, लेखिकाबाई," म्हणाली. किनाऱ्यावरच्या झांडडोर्नच्या काटेरी झुडपाच्या फळांचा अर्क दिला. केशरी, दाट.

१० ऑक्टोबर
पाण्याचं जेल केलं, अर्क घातला. वर तरंगला. हलवलं – एकजीव. चहा होईतो पुन्हा वर केशरी थर. पुन्हा हलवलं. पुन्हा थर.
देटलेफ दारातून बघत होता. "तेलाचं ड्रेसिंग झालं, सॅलड कुठंय?"
किती दिवसांनी थट्टा केली त्याने. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी
इन्केन म्हणाली, "अगं, तेलात विरघळणारा अर्क तो, पाण्यात कशाला उतरेल? आधी तेल-पाणी एकजीव करणाऱ्या या द्रवात घोट, मग थेंब थेंब पाणी. तू पाणी आधी ओतलंस ना?"
ओतलं होतं.
"लिही आता यावर," म्हणाली. वर त्या द्रवाची बाटली दिली. पैसे घेतले नाहीत. हे जास्त लागलं.

११ ऑक्टोबर, शनिवार
जमलं. मधासारखं स्वच्छ, थर नाही. ओट्याला टेकून रडले. भांडी स्पिरिटने इतक्यांदा पुसली की बोटांची पेरं फुटलीत.
लावण्याआधी विचारावं म्हणून इस्पितळात फोन केला. सिस्टर म्हणाली, "भाजलेल्या कातडीवर घरचं काहीही नको. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय थेंबही नाही. सोमवारी आणा त्यांना, पट्टीचं काहीतरी करू."
सोमवारी आणा. तेच तर जमत नाहीये, बाई.
टिकवणारं काही त्यात घातलेलं नाही, आठवड्यात बुरशी धरेल. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, हेरिंग माशांच्या बरणीशेजारी. त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? ज्याच्यावर मी सगळी भिस्त ठेवली, ते लावायचंच नाही?

१२ ऑक्टोबर, रविवार
देटलेफने फ्रिज उघडला, बाटली काढली. मी धावले. "लावू नकोस, सिस्टर नको म्हणाली."
"माझ्यासाठी नाही. हात कर पुढे."
एकेका पेराला लावत गेला. चिरा झोंबल्या.
"आग होते?"
"होते."
"हं." बाटलीचं झाकण लावलं. "उद्या गाडी सावकाश घे. रेल्वे फाटकापाशी मान हादरते."