कोनाड्यातला दोरा

४ नोव्हेंबर
अखेर निपाणी सुटली. बेळगावात, वडगावला माडीवरची एक खोली मिळाली आणि शहापूरच्या शाळेत गणिताची नोकरी. आप्पांनी माझी गादी स्वतः जिन्यावरून वर नेली, धापा टाकत खिडक्या उघडून पाहिल्या आणि जाताना, सांभाळून ऱ्हा गं अबोली, एवढंच म्हणाले. खाली घरमालक मारुतीराव आणि त्यांची बायको राजाबाई राहतात. गल्लीत सगळीकडे पॉवरलूमचा दणदणाट, पण यांच्या सोप्यात अजून हातमाग आहे. त्याचा आवाज बेताचा, खट्, जरा थांबून पुन्हा खट्. खोली घेण्याचं खरं कारण तेच. राजाबाईंनी आल्या आल्या चहा पाजला आणि मी एवढी हळू का चालते ते विचारलं नाही. मला हे घर आवडलंय.

९ नोव्हेंबर
नव्या डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय, म्हणून दुखण्याचंही लिहिते. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. हाडं जुळली, एक्स-रे स्वच्छ आला, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. मानेत सुरू झालं, आता कुठे नाही ते विचारावं. नळाचं गार पाणी टोचतं, ब्लाउजची शिवण टोचते. डॉक्टर म्हणाले की माझ्या नसांना राखणीच्या कुत्र्यासारखी सवय लागलीय, चोर गेला तरी पान पडलं की भुंकायचं. आणि एक भुंकलं की शेजारची पण उठतात. दुखणं खरं आहे, असंही म्हणाले. ते ऐकून मी तिथेच रडले. शाळेत सरोजिनीबाई म्हणाल्या की तुझ्याकडं बघून तसं काय वाटत न्हाय गं. हे वाक्य मला आता पाठ आहे.

१४ नोव्हेंबर
सुट्टी. दुपारभर खाली बसून माग पाहिला. उभ्या तारा म्हणजे ताणा, त्यातून आडवं सूत घेऊन धोटा धावतो. तारा सारख्या ताणलेल्या लागतात, सैल पडल्या की वीण बिघडते. तार तुटली की मारुतीराव माग थांबवतात, मधे तुकडा घालून दोन बारीक गाठी मारतात, पुन्हा सुरू. जमिनीवर पडलेला वीतभर दोराही राजाबाई उचलून डब्यात टाकतात. या घरात सूत टाकून देत नाहीत, सासूची तशी शिकवण होती म्हणे. सध्या मागावर एका लग्नाचं लुगडं आहे, हिरव्या रंगाचं. मला हिशेब कळतो, पण एवढ्या तारांवर एका माणसाची नजर कशी राहते ते कळलं नाही.

२० नोव्हेंबर
काल शाळेतून आले ती जिन्यातच बसले. राजाबाईंनी वर नेलं, आणि आज त्यांचा उपाय केला. रेशमाचा दोरा माझ्या टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मापला, काहीतरी पुटपुटल्या, तोडला. दुखणं दोऱ्यात उतरतं, अवसेला तो विहिरीत सोडायचा. तोवर खालच्या सोप्यातल्या कोनाड्यात. गणिताच्या बाईंनी हे करून घेतलं हे वर्गात कळलं तर पोरं मला सळो की पळो करून सोडतील. पण चार वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं मन लावून काही केलं नव्हतं. आणि रात्री झोप लागली.

२४ नोव्हेंबर
दुपारी पोटरीत एक ओढ बसली. नेहमीसारखी नाही. आतून काहीतरी ताणून तटकन तुटावं तशी. मी कपडे वाळत घालत होते. त्याच क्षणी खालचा माग थांबला. थोड्या वेळाने पोटरीत चिमटा बसला, मग दुसरा, आणि माग सुरू झाला.

२६ नोव्हेंबर
तीनदा तसंच. योगायोग मोजायला मला येतो, आणि हा योगायोग नाही. खाली जाऊन मारुतीरावांना सांगितलं. ते हसले. मग मी मागाकडे पाठ करून बसले आणि तार तुटली की ते त्यांच्या तोंडून निघायच्या आधी सांगत गेले. थोड्या वेळाने त्यांनी हसणं थांबवलं.

१ डिसेंबर
अमावस्या. कोनाडा रिकामा.
मारुतीरावांनीच घेतला. चांगला रेशमी दोरा पडल्याला, तुटल्या तारांस्नी तुकडं करून जोडला, वाया का घालवायचा, म्हणाले. राजाबाईंनी रिकामा कोनाडा पुन्हा चाचपला. मारुतीरावांना काहीच ठाऊक नव्हतं. तेही घाबरलेत. त्यांच्यावर रागावता येत नाही, हे जास्त वाईट आहे.

२ डिसेंबर
माझ्या गाठी शोधून सोडवायच्या ठरल्या. मी स्टुलावर, राजाबाई एकेका तारेला बोट लावत गेल्या. दुखलं की मी सांगायचं. सकाळी मोजक्याच तारा दुखल्या. दुपारी त्यांच्या शेजारच्याही. संध्याकाळी या काठापासून त्या काठापर्यंत एकही तार अशी नव्हती की — राजाबाई रडत म्हणाल्या, आता कुठली तुजी आन् कुठली न्हाय, कसं वळकू गं?
सगळ्याच माझ्या.

४ डिसेंबर
माग बंद ठेवला तर वाटलं सुटेन. उलट झालं. ताणा ताणलेलाच राहतो. थांबलेला ताण चालत्यापेक्षा वाईट. ओरडले बहुतेक. मारुतीरावांनी ताणा गुंडाळलेला रूळ सैल सोडला.
आणि दुखणं थांबलं. सगळं. मी गार पाण्याने तोंड धुतलं. राजाबाईंना मिठी मारली. चार वर्षांनी. किती हलकी होते मी.
मग सैल तारा एकमेकींत गुंतू लागल्या. ते लिहिणार नाही.

६ डिसेंबर
पुन्हा ताणलंय. दुसरा इलाज नव्हता. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लगेच या. जिना उतरवत नाही. आप्पांना कळवलं नाही, त्यांचं हृदय —
लुगडं हातभर उरलंय. विणून झालं की कापायचं. कापल्यावर तारंत ताण ऱ्हात न्हाय पोरी, असं मारुतीराव म्हणाले. दोनदा म्हणाले. राजाबाई नको म्हणतात.
मला ते गार पाणी आठवतं. मीच सांगितलं, कापा.

८ डिसेंबर
सकाळ. मला खाली आणून मागाशेजारी गादीवर ठेवलंय. लिहीत राहते, म्हणजे दुखत असलं तर हात सांगेल.
कात्री लागली. एका काठाकडून.
पाय थांबले. अंगठा, पोटरी. खरंच थांबले. राजाबाई विचारतायत बरं वाटतंय न्हवं. व्हय म्हटलं. हसले.
गुडघे थांबले.
पाय दिसतात. पण हलव म्हटलं तर — कुणाला म्हणायचं ते सापडत नाही. तिथे कुणीच नाही.
दुखत होते तेव्हा होते.
कंबर. सुख आहे. भयंकर सुख आहे. थांबा म्हणायला हवं. मारुतीरावांची मान खाली, कात्रीवर. राजाबाई माझ्याकडे बघून हसतायत, त्यांना वाटतंय मी —
पाठ. मान.
आवाज काढला. निघाला नाही. अजून उजव्या हातात दुखतंय, बोटांत, थोडं. एवढंच आहे माझं. एवढं राहू दे त्यांना कुणीतरी सां