डावं पाऊल गप्प

सोलापूर, किंक्रांत, १९७८

भीती वाटते आहे. निदान इथे तरी लिहावं.

लेकीचा, सुमनचा, डबा द्यायला तिच्या प्रयोगशाळेत गेलो. गुंगीतल्या उंदराच्या मांडीवर तिनं पेनासारखी नळी टेकवली आणि यंत्रातून रक्ताचा आवाज आला. सूं... सूं... सूं. एवढासा जीव, पण रक्त कसं चालीत धावत होतं! माझे डोळेच मिटले. शाळेत कविता म्हणताना पायानं ठेका धरायचो, तो आठवला.

"माझंही ऐकव की," मी हौसेनं म्हणालो.

उजव्या पावलावर चाल लगेच सापडली. डाव्यावर नुसती खरखर. तिनं नळी सरकवली, पुन्हा सरकवली. काही नाही.

"यंत्र बिघडलं वाटतं," मी.

तिनं तीच नळी उंदरावर ठेवली. सूं... सूं.

"अप्पा, हे पाऊल लई गार लागतंय. चालताना पोटरी भरून येते म्हणत होता की! चला, आत्ताच सर्जनला दाखवू."

"आज कर आहे. करीच्या दिवशी नवं काही काढू नये. उद्या."

"पाय पंचांग बघून थांबणार व्हय?"

तरी हट्टानं घरी आलो. कर कसली? पाय कापतील का, हे विचारायचं धाडस नव्हतं.

आता ठेका धरून पाहतो आहे. डावाच पाय तो, कवितेचा. फरशीवर वाजतो. आत मात्र सूं नाही.

बाहेर ओट्यावर सुमन अजून चपला घालूनच बसली आहे. आत आलेली नाही. उठतो.